क्षमा आणि परवाना

पिन गंजून गेली आहे. ती कागदात जिथून शिरली तिथे तपकिरी डाग पडलाय, आणि तो एका पानावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा झिरपत थेट शेवटच्या पानापर्यंत गेलाय. एका तावाला घड्या घालून, मधोमध पिन मारून, कडा कापून केलेली ही सिनेमाच्या गाण्यांची चोपडी. सोळा पानं. किंमत पंचवीस पैसे. वर नायक-नायिकेचा जस्ताचा ब्लॉक. तो इतक्या चोपड्यांवर मारून झालाय की नायकाच्या डोळ्यांत शाई भरलीय, आणि नायिकेच्या गालावरची रेघ लाजेची की ब्लॉकवरच्या चऱ्याची ते सांगता येत नाही. कागद न्यूजप्रिंट, आता कोऱ्या चहाच्या रंगाचा. ती उघडताना मी पंखासुद्धा बंद करतो.

आई गेल्यावर तिच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत ही सापडली. सोबत आणखी चार होत्या. त्यांतली एक संतोषीमातेची.

प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर गीतकाराचं नाव आहे, संगीतकाराचं आहे, गाणारीचं आहे. नाही ते एकच नाव, ज्यानं ही छापली त्याचं. शेवटच्या पानाच्या तळाशी, जिथे मुद्रक आणि प्रकाशक असतात, तिथे बोटभर कोरी जागा आहे. १८६७ च्या कायद्यानं आपल्याकडे छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण घालणं बंधनकारक होतं. पण या माणसानं ते घातलं असतं, तर आपला पत्ता आपणच निर्मात्याच्या वकिलाला कळवल्यासारखं झालं असतं. गाणी त्याची नव्हती. छापायला त्यानं कुणाला विचारलंही नव्हतं. ज्यांचं घेतलं त्यांची नावं त्यानं नीट, जाड खिळ्यांत छापली आणि स्वतःचं तेवढं गिळून टाकलं.

तिसऱ्या पानावर एका गाण्यात शमा आणि परवाना आहेत. दिवा आणि त्याच्यावर झेप घेणारा पतंग, उर्दू शायरीतली जुनी जोडी. पण खानदेशातल्या एखाद्या छापखान्यात केसपुढे, खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीपुढे, उभं राहून खिळे जुळवणाऱ्या माणसाला शमा कुठून ठाऊक असणार? त्याच्या ओळखीचा शब्द क्षमा. त्यानं क्षमा लावला. परवाना मात्र त्याला पक्का माहीत होता. बंदुकीचा परवाना, दुकानाचा परवाना, यात्रेत तंबू ठोकायचा परवाना. म्हणून माझ्या हातातल्या चोपडीत क्षमा जळते आहे आणि परवाना तिच्यावर झेप घेतो आहे. ज्याच्यापाशी परवाना नव्हता त्याच्या हातून क्षमा छापली गेली, याचं मला कधी हसू आलं नाही. हा शब्द दिसला की मला तो माणूस दिसतो. डोक्यावर एक पिवळा दिवा, डाव्या हातात स्टिक, आणि उजवा हात केसमधल्या क्ष च्या घराकडे चाललेला.

बोलपट १९३१ साली आला आणि त्याच्या मागोमाग गाण्यांच्या पुस्तिकाही आल्या. कथासार, नटसंच आणि सगळी गाणी. निर्माताच त्या छापून घ्यायचा आणि थिएटरात विकायचा. १९३२ च्या ‘इंद्रसभा’त सत्तरच्या आसपास गाणी होती, प्रेक्षकानं ती घरी न्यायची कशी? त्या अधिकृत पुस्तिकांचं पुढे चांगलं झालं. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ उभा केला तो अशा पुस्तिका गोळा करून. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं त्या जपल्या. पण त्या थिएटरच्या आत विकल्या जात. आईची चोपडी बाहेरची. एस्टी स्टँडवर, आठवडी बाजारात, एकवीरादेवीच्या चैत्री यात्रेत, अमळनेरला सखाराम महाराजांच्या उत्सवात, मुक्ताईच्या यात्रेत विकली जाणारी. डाव्या हातावर चोपड्यांची चळत घेऊन माणूस एस्टीच्या खिडकीखाली उभा राहायचा आणि स्वतःच गायला लागायचा. दोन ओळी गाऊन थांबायचा. पुढच्या ओळी हव्यात तर चार आणे. आवाज कसाही असो, चाल पक्की असायची. गाडी हलली की तो खिडकीसोबत चार पावलं धावायचा.

काही वर्षांपूर्वी धुळ्यात, पाचकंदिलाच्या अंगाला एका गल्लीत, एका म्हाताऱ्या कंपोझिटरबाबांपाशी मी दुपारभर बसलो होतो. ही चोपडी त्यांनी जुळवलेली नव्हती, पण अशा पुष्कळ जुळवल्या होत्या. दिवसा लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं. रात्री मालक शटर अर्धं ओढून घ्यायचा आणि चोपडीचं काम निघायचं, पायानं चालवायच्या ट्रेडलवर. गाणी आणायची कुठून? आतली पुस्तिका कधी मिळायची, कधी नाही. नाही मिळाली तर हॉटेलात जाऊन बसायचं. गल्ल्यापाशी रेकॉर्ड लागलेली असायची. एका चहावर बसून, सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं उतरवून घ्यायचं. सुई पुढे गेली की गेली. उरलेली ओळ उद्या. एकेका अंतऱ्याला तीन-तीन दिवस लागायचे, बाबा सांगत होते, आणि तोवर हॉटेलवाल्याच्या चहाचं बिल चोपडीच्या नफ्याएवढं झालेलं असायचं. मी शमाचं विचारलं. बाबांनी चष्मा काढला, चोपडी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली.

“माले काय म्हाईत, भाऊ. जसं ऐकं, तसं लिखं.”

ती ओळ लावणारा दुसरा कुणी होता, तरी उत्तर त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं.

मराठी केसमध्ये नुक्ता नसायचा. त्यामुळे चोपडीत गम आहे, खत आहे, जिंदगी आहे, आणि एकाही अक्षराखाली टिंब नाही. में आणि मैं यांची सारखी अदलाबदल. आणि ल, श हे आपल्या वळणाचे, निर्णयसागरी, पाकळीचा ल आणि देठाचा श. अलाहाबाद-दिल्लीकडच्या छपाईत तो ल तसा दिसत नाही. मुंबईत लिहिलेली, उर्दूत मुरलेली ती गाणी आमच्याकडे पोहोचली तेव्हा त्यांच्या अंगावर मराठी अक्षर होतं. आई शाळेत सातवीपर्यंत गेलेली. तिला हिंदी बोलता येत नव्हतं. पण ही चोपडी तिला वाचता आली ती त्या ल आणि श मुळे, असं मला वाटतं. ती अक्षरं तिला परकी वाटली नाहीत.

ऐकून उतरवून घेणं ही खानदेशाची जुनी सवय आहे. असोद्याच्या लेकीला, जळगावच्या सुनेला, बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या म्हणत राहिल्या, आणि सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी जमेल तेवढं टिपून ठेवलं. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली. जी टिपली गेली तीच आपल्याकडे आहेत. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली, फेब्रुवारी ते जून, दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले. समोर साने गुरुजी बसून लिहून घेत होते. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे ती त्या लिहित्या हातामुळे. सिगारेटच्या पाकिटावर सिनेमाचं गाणं उतरवणाऱ्याला मी या ओळीत नेऊन बसवत नाही. कुणाची योग्यता काय ते मला कळतं. पण कृती तीच आहे. कुणीतरी बोलतंय किंवा गातंय, थांबणार नाहीये, आणि दुसरा कुणी कान आणि बोटं एक करून त्याच्या मागे धावतोय.

आणि धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकर श्रीकृष्ण देव मठामठांतून हिंडले, बाडं गोळा केली, आणि १९३५ साली त्या बाडांसाठी हे घर उभं राहिलं. तरुणपणी समर्थांनी स्वतःच्या हातानं उतरवलेली वाल्मीकी रामायणाची प्रत तिथे जपलेली आहे. मी ती पाहिली तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही. ज्यांनी पुढे दासबोध रचला, अक्षर कसं काढावं यावर त्यात अख्खा समास लिहिला, ते आधी नकलाकार होते. ओळीमागून ओळ उतरवत गेलेले. त्या मंदिरात अशीही बाडं आहेत ज्यांच्यावर नकलाकाराचं नाव नाही. तीही कापडात बांधून, क्रमांक घालून ठेवलेली आहेत.

त्या दिवशी मी मंदिरातून निघालो आणि पाचकंदिलाकडे चालत गेलो. फार अंतर नाही. मनात एकच घोळत होतं. या गावानं नावाविना राहिलेल्या लिहित्या हाताला एकदा घर दिलेलं आहे. दुसऱ्यांदा का नाही दिलं?

हक्काचा प्रश्न मला टाळायचा नाही. ज्यानं शब्द लिहिले त्याला या चोपडीतून एक पैसा मिळाला नाही. लिहिणाऱ्याच्या श्रमाला मोल असतं, आणि विचारल्याशिवाय घेणं हे घेणंच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं त्याला गुन्हा म्हटलं. १९८४ साली, व्हिडिओ कॅसेटींच्या चोऱ्या वाढल्यावर, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड दोन लाखांपर्यंत गेला. हे बरोबरच झालं. पण तेव्हा गाण्याचा हक्क लिहिणाऱ्याकडे तरी कुठे होता? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं कौल दिला तो निर्मात्यांच्या बाजूनं. गाणं वाजत राहील तितकी त्याची रॉयल्टी कवीला मिळत राहावी, हा हक्क कुणालाही काढून घेता येऊ नये, ही तरतूद व्हायला २०१२ साल उजाडावं लागलं. तोपर्यंत कितीतरी जण गेले होते. म्हणजे शब्द ज्यानं रचला तो आणि शब्द ज्यानं रात्री शटरआड जुळवला तो, दोघेही त्या गाण्याच्या पैशाबाहेर उभे होते. पहिल्याचं निदान नाव राहिलं. ते आईपर्यंत पोहोचवलं दुसऱ्यानं. साहिर, शैलेंद्र, मजरूह ही नावं तिला रेडिओवरून कळली नव्हती, आमच्याकडे रेडिओ उशिरा आला. तिनं ती चोपडीत वाचली होती आणि अगदी शेवटपर्यंत ‘शैलेंद्र यांचं गाणं’ असं मानानं म्हणायची.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीकाठी. नदीच्या काठाकाठानं खाली गेलं की थाळनेर लागतं. फारुकी राजांच्या कबरी तिथे आहेत, पण आमच्या बायकांना थाळनेर माहीत होतं ते वेगळ्या कारणानं. दीनानाथ मंगेशकरांची सासुरवाडी थाळनेरची. लता, आशा, उषा यांचं आजोळ. २०२२ च्या फेब्रुवारीत लताबाई गेल्या त्या दिवशी गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, “आपल्या थाळनेरची नात गेली वं माय.” तापीकाठच्या बायकांना ती गाणी परक्याची वाटतच नव्हती. नातीचं गाणं म्हणायला आजोळानं कुणाची परवानगी काढायची?

१९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला आणि चोपड्यांचा हा धंदा भलत्याच उंचीवर गेला. गाणी प्रदीप यांची, आणि देवीची आरती गायलेली उषाताईंनी. बायका थिएटरबाहेर चपला काढून आत जायच्या. ओच्यात गूळ-चणे. शुक्रवार, आंबट वर्ज्य. व्रताची पोथी आधीपासून बाजारात होतीच. आता तिच्या पुढच्या निम्म्या पानांत कथा आणि मागच्या निम्म्यांत सिनेमाची गाणी असं जोडपुस्तक निघालं. आईच्या पेटीतलं ते हेच. त्याला हळदीकुंकवाची बोटं लागलेली आहेत. व्रताच्या पोथीत प्रती वाटल्याचं पुण्य सांगितलेलं असतं, घरोघरी पोस्टकार्डं यायची, इतक्या जणांना लिहा म्हणून. ज्या घरात नक्कल करणं पुण्याचं, त्याच घरात ती नक्कल कायद्यानं चोरीची होती. आईनं तिची पूजा केली. तिला दुसरी बाजू कुणी सांगितली नाही आणि सांगितली असती तरी तिनं बोटं पुसली नसती.

बारा वर्षांनी तेच दूरदर्शनवर घडलं. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं, आणि पुढच्या यात्रेत, एदलाबादला (मुक्ताईनगर हे नाव पुढे आलं), रामरक्षेच्या चोपडीवर अरुण गोविल आणि दीपिका होते. शेजारी मारुतीस्तोत्राच्या चोपडीवर दारासिंग. त्या मालिकेच्या सुरुवातीला वाल्मीकी, तुलसी, कंब यांच्या रांगेत आमच्या एकनाथांच्या भावार्थ रामायणाचंही नाव येई, आणि वडील दर रविवारी त्या नावाला हात जोडायचे.

मग हा धंदा संपला, आणि तो कायद्यानं संपवला नाही. आधी कॅसेट स्वस्त झाली. मग संगणकावर अक्षरं जुळायला लागली, ऑफसेट आला, आणि खिळे वजनावर गेले. पाचकंदिलाच्या बाबांनी सांगितलं, केसच्या केस पोत्यात ओतल्या. क, ख, ग, काना, मात्रा सगळं एकत्र, आणि भंगारवाल्यानं शिशाच्या भावानं तोलून नेलं. त्यांनी एक खिळा ठेवून घेतलाय. कुठला, मी विचारलं नाही. त्यांनी दाखवला तो ‘ळ’ होता. हिंदी गाण्यांत याला कधी काम नाही पडलं, म्हणून अगदी नवा आहे, म्हणाले.

धुळ्याहून आग्रा रोडनं तासाभरावर मालेगाव. तिथल्या यंत्रमागवाल्या पोरांनी २००० साली स्वतःचा ‘शोले’ काढला, पुढे स्वतःचा ‘सुपरमॅन’. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. त्यांच्यावर माहितीपट झाला, त्यांच्यातला सुपरमॅन झालेला शफीक २०११ साली तरुणपणीच गेला, आणि आता तर त्यांच्यावर मोठा हिंदी सिनेमाही येऊन गेला. मला त्याचा मनापासून आनंद आहे. त्यांच्याकडे कॅमेरा होता, चेहरे होते. चोपडीवाल्याकडे चेहराच नव्हता. त्यानं तो स्वतःच्या हातानं कोरा ठेवला होता. कुठल्याही ग्रंथालयाच्या नोंदवहीत तो नाही, कारण त्यानं सरकारजमा प्रत कधी पाठवली नाही. शोधायचा कसा? मी एका शब्दावरून त्याला ओळखतो, एवढीच त्याची खूण.

त्या शब्दाशी माझा एक हिशेब उरलेला आहे.

उन्हाळ्यात आमच्याकडे बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, व्हायच्या. पहाटे तीनला चूल पेटायची, ज्वारीच्या कण्यांचा घाटा रटरटायचा, लसूण-मिरचीचा ठसका गल्लीभर, आणि ऊन तापायच्या आत गच्चीवर खाटांवर ओली लुगडी अंथरून सगळ्या जावा-नणंदा थापायला बसायच्या. वाचता येणारी एकटी आई. तिचा हात पिठात नसायचा, तेवढ्यापुरती तिला सुटी. ती चोपडी धरून एक ओळ वाचायची, बाकीच्या ती उचलायच्या. दुपारपर्यंत गाणं सगळ्यांचं झालेलं असायचं. चोपडी उडू नये म्हणून तिच्यावर वरवंटा.

मी जळगावला कॉलेजात होतो. एका सुटीत त्या ओळीवर मी आईला थांबवलं. म्हटलं, क्षमा नाही, शमा आहे. शमा म्हणजे दिवा. जळतो तो दिवा. क्षमा कशी जळेल? चार बायकांसमोर म्हटलं. आई “हो का” म्हणाली. त्यानंतर ती ते गाणं म्हणायची, पण त्या शब्दापाशी आली की नुसती चाल गुणगुणायची आणि पुढच्या शब्दावर परत चढायची. वीस-पंचवीस वर्षं. मला वाटायचं ती विसरते. पेटीतली चोपडी उघडली तेव्हा दिसलं, तिसऱ्या पानावर ‘क्ष’वर पेन्सिलीची एक बारीक रेघ आहे, आणि वर आईच्या अक्षरात ‘श’. देठाचा, नीट वळणदार.

मागच्या चैत्रात गावी गेलो होतो. घाटा आता कमी असतो, खाटा दोनच. मोठी काकू थापत होती. नव्वदीला आली आहे, पाठ वाकली आहे, हात मात्र तसाच गोल फिरतो. ती तेच गाणं म्हणत होती आणि मधेच अडली.

“पुढचं काय व्हतं रे? तुही माय सांगायची ना.”

मी आत जाऊन चोपडी आणली. खाटेच्या सावलीत बसलो, तिसरं पान उघडलं, आणि पेन्सिलीच्या रेघेखालचा शब्द मोठ्यानं वाचून दाखवला.